गढीचा चौरंग

लाकडाच्या कारखान्यात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक भुसा आणि दुसरे किस्से. भुसा निदान रोज संध्याकाळी झाडून पोत्यात भरता येतो, आणि वीटभट्टीवाला येऊन तो घेऊनही जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही. ते माझ्याकडेच साठत जातात. घरी नवऱ्याला सांगायला गेलं तर तो ताटावरून मान वर न करता म्हणतो, "हा तू मागच्या आठवड्यात सांगितलास." म्हणून म्हटलं, आता तुम्हाला सांगावेत. तुम्ही अजून ऐकलेले नाहीत.

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. नरडाण्याच्या एमआयडीसीला लागून आमचं पत्र्याचं शेड आहे. सासऱ्यांच्या वेळी तिथे कंपन्यांसाठी पॅकिंगची खोकी बनायची. आता आम्ही फर्निचर बनवतो. आमचे मुख्य मिस्त्री रऊफचाचा, शिंदखेड्याचे. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, तोंडात निम्मं हिंदी आणि निम्मं मराठी. दुसरे भटूनाना. नाना मूळचे शेतकरी, गाव जवळच, नदीकाठी. करवतीचं मशीन त्यांच्याकडे. नाना साऱ्या जगाशी अहिराणीतच बोलतात, मग समोर पुण्याचा आर्किटेक्ट असो की बँकेचा मॅनेजर. हे दोघं सासऱ्यांच्या काळापासून एकत्र आहेत आणि रोज एकदा तरी भांडतात.

राहिले मी. मी डिझाइन करते, फोन घेते आणि गिऱ्हाइकांची समजूत घालते. यातलं तिसरं काम सगळ्यात मोठं आहे.

आता गढी. गढी म्हटल्यावर बुरूजबिरूज डोळ्यासमोर आणू नका. नानांच्या गावची गढी म्हणजे मातीची टेकडी आहे. फार जुन्या काळी तिथे वस्ती होती, ती पडली, तिच्यावर दुसरी बसली, ती पडली, तिच्यावर तिसरी. असं होत होत गाव खाली राहिलं आणि टेकडी वर गेली. पावसाने तिची एक कड चिरल्यासारखी कापली गेलीय. तिथे आतले पट्टे दिसतात. पांढरी माती, मग राखेचा काळा पट्टा, मग भाजल्यासारखा तांबडा, परत पांढरी. लग्नानंतर मी ती कड पहिल्यांदा पाहिली आणि तोंडातून निघून गेलं, "नाना, याचं टेबल करता येईल."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग सुनेला समजावतात तसं हळू म्हणाले, "ताई, हाई गढी शे."

पण टेबल झालं. पांढऱ्यासाठी आंबा, तांबड्यासाठी बाभूळ आणि काळ्यासाठी जुन्या शिसवाच्या पट्ट्या. चाचांना बाभूळ म्हणजे जीव की प्राण. सुताराचं मन बाभळीवर, ही म्हण कोणी केली असेल त्याने आमच्या चाचांनाच पाहिलं असणार.

*

पहिलं टेबल गेलं जळगावच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे. मी चित्रात कडेला नावापुरता उतार दाखवला होता. चाचा आणि नाना एका रविवारी दोरी घेऊन गढीवर गेले आणि उतार मोजून आले. मला काही बोलले नाहीत. टेबल झालं ते अगदी गढीसारखं झालं. पश्चिमेकडून ढासळलेलं.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन. "मॅडम, टेबल फार सुंदर आहे. फक्त कप चालतो."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे ठेवला की तिथे जातो."

मी दोघांना घेऊन जळगावला गेले. रस्ताभर दोघांना ऐकवलं. डॉक्टरांनी आमच्यासमोर चहाचा कप ठेवून दाखवला, आणि तो शांतपणे सोफ्याच्या दिशेने निघाला. चाचांनी तो मध्येच पकडला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, गढी पे कोई कप रखता है क्या?"

मी डोक्याला हात लावला. तोवर नाना खिडकीत जाऊन ऊन कुठून येतंय ते बघत होते. परत आले, टेबलाचं एक टोक धरलं आणि चाचांना डोळ्याने खूण केली. दोघांनी मिळून टेबल उचललं आणि गर्रकन फिरवून ठेवलं. ढासळलेली बाजू डॉक्टरांनी पूर्वेला ठेवली होती! नाना दोन पावलं मागे सरून बघत म्हणाले, "आते बराबर."

डॉक्टर इतके हसले की माझा जीव भांड्यात पडला. टेबल त्यांनी परत दिलं नाही. मी अजून त्यांच्याकडे दाढेसाठी जाते. चहा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात, आणि टेबल पश्चिमेकडेच आहे. आता आम्ही प्रत्येक टेबलावर एक सपाट जागा सोडतो. चाचा तिला "डॉक्टर की जगह" म्हणतात.

*

पुण्याला एका प्रदर्शनात आम्ही स्टॉल लावला होता. एक बाई आल्या, चष्मा काढून टेबलावरून हात फिरवला, वास घेतला, खाली वाकून पाय बघितले. चेहरा अगदी देवळात आल्यासारखा. मग चाचांना हळू आवाजात विचारलं, "केव्हाचं आहे हो हे?"

चाचा म्हणाले, "मंगळवारचं."

बाई गोंधळल्या. "नाही, म्हणजे मूळ. हे ज्याच्यावरून घेतलंय ते किती जुनं आहे?"

चाचांनी पेन्सिलीने मागे दाखवलं. तिथे नाना खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले होते. "वो उनके गाव का है. उनको पूछो. पण उठवू नका, रात्रभर गाडीत जागे होते."

बाईंनी खरंच उठवलं नाही. शेजारच्या स्टूलवर बसून राहिल्या. नाना उठल्यावर दोघं तासभर बोलले. बाई अस्सल पुणेरी आणि नाना अस्सल अहिराणी. कोणाला कोणाचं किती कळलं देव जाणे, पण बाईंनी बाक घेतला.

*

चाळीसगावच्या एका जोडप्याने डायनिंग टेबल घेतलं आणि म्हणाले, आम्हाला ओरिजिनल बघायचंय. मी म्हटलं, या. ते आले, मुलं घेऊन, कॅमेरा घेऊन, डबे बांधून. मी आणि नाना त्यांना गढीवर घेऊन गेलो. ते वर चढले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि साहेब म्हणाले, "एवढीच?"

नानांचा चेहरा उतरला. आपल्या घरच्या माणसाला कोणी बुटका म्हणावं, तसं त्यांना झालं. पूर्वी गढी याच्या दुप्पट होती म्हणाले. आजोबांच्या वेळी वर उभं राहिलं की पलीकडच्या गावाचं देऊळ दिसायचं.

"मग बाकीची गेली कुठे?" बाईंनी विचारलं.

नानांनी खाली गावाकडे हात केला. आमच्याकडे जुनी घरं धाब्याची. सपाट छत, लाकडावर माती. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, म्हणजे गळत नाही. आणि पांढरी माती सगळ्यात चांगली कुठली? गढीची. पिढ्यान् पिढ्या गावाने पाट्या भरभरून ती खाली नेली.

"तठे दखा," नाना म्हणाले. "बठ्ठी गावना डोकावर शे."

बठ्ठी म्हणजे सगळी. सारे खाली बघायला लागले. एकापुढे एक पांढरी धाबी. बाईंनी हसून विचारलं, "आणि तुमच्या?"

"मन्हा धाबावर बी शे," नाना म्हणाले. मग थोडं थांबून, "जरा जास्तच शे."

सगळे हसले, नानाही हसले. पण त्या उन्हाळ्यापासून त्यांनी गढीवरून माती आणली नाही. धाब्यावर निळी ताडपत्री टाकली. ती वाऱ्याने फडफडते आणि सगळं घर रात्री जागं राहतं. नानांच्या घरच्यांना मी या बाबतीत अजून तोंड दाखवू शकत नाही.

*

रमजानचा एक किस्सा सांगते. चाचांचा रोजा असला की नाना त्यांच्यासमोर पाणी पीत नाहीत. हे नानांनी कोणाला सांगितलेलं नाही. अकरा वाजले की ते चहाचा ग्लास घेऊन लाकडाच्या थप्पीमागे जातात आणि तिथे उभ्याउभ्या, चोरून सिगारेट ओढावी तसा चहा पितात. एप्रिलचं ऊन, वरून पत्रा, आणि हा माणूस थप्पीमागे घामाने भिजलेला.

मी एकदा चाचांना म्हटलं, "चाचा, नाना तुमच्यासाठी तिकडे जातात."

"मालूम है," चाचा म्हणाले. "पंधरा साल से मालूम है."

"मग सांगा ना त्यांना, इथेच प्या म्हणून."

"बोला था. तो बोलता है, मी लाकूड मोजायला जातो."

त्या दिवशी अकरा वाजता नाना निघाले तसे चाचाही उठले, आपला प्लास्टिकचा स्टूल उचलला आणि थप्पीमागे नेऊन ठेवला. परत आले आणि रंधा मारायला लागले. पलीकडून नानांचा आवाज आला, "आठे स्टूल कोनी ठेवा?"

चाचा म्हणाले, "लाकूड मोजनेवाले के लिए."

स्टूल अजून तिथेच आहे.

*

आता रोट. हे नीट सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर कानबाईचा नारळ मांडायचा, रात्र जागवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची आणि तोच नारळ जपून परत आणायचा. आणि या वेळी घरात रोट करतात. गव्हाचे आणि हरभऱ्याच्या डाळीचे जाड रोट, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. म्हणजे एका कुळाच्या माणसांनी. लग्न झालेल्या मुलीला नाही, जावयाला नाही, शेजाऱ्याला नाही. त्यासाठी भाऊबंद मुंबईहून, सुरतहून, कुठून कुठून गावी येतात.

मी माहेरची भुसावळची, आणि सासरी कानबाई बसत नाही. पहिल्या वर्षी नाना सुट्टीवरून आले तेव्हा मी भाबडेपणाने म्हटलं, "नाना, माझ्यासाठी रोट नाही आणला?"

नानांनी करवत बंद केली. "ताई, मन्हा जीव मांग, देस. रोट नको मांगू."

"एक तुकडा."

"रोट भाऊबंदसलेच देता येतस."

तेव्हापासून मी दरवर्षी मागते आणि नाना दरवर्षी देत नाहीत. चाचा रंध्यामागून म्हणतात, "मांगो ताई, मांगो. कोशिश करनेवालों की हार नहीं होती." नाना त्यांच्याकडेही डोळे वटारून बघतात.

हा झाला हसण्याचा भाग. दुसरा भाग मला दोन वर्षांनी कळला. नानांच्या गावात त्यांच्या घराला लागून त्यांच्या थोरल्या भावाचं घर आहे. सगळे त्यांना आबा म्हणतात. दोघांचं शेतही शेजारी. मधल्या बांधावर त्यांच्या वडिलांनी लावलेला कडुनिंब. हा म्हणे, तू नांगर घालून बांध कोरलास. तो म्हणे, तूच कोरलास. कोरलेला बांध असा की सापडायचा झाला तर चष्मा लावून शोधावा लागेल. पण बोलणं तुटलं ते तुटलं. आणि त्या वर्षी कानबाई दोन झाल्या.

जुना नारळ, आजोबांच्या वेळेपासूनचा, आबांकडे राहिला. नानांनी नवा आणला. एका भिंतीच्या अलीकडे एक कानबाई आणि पलीकडे दुसरी. मुंबईहून येणारे पुतणे आधी कोणाकडे जायचं म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे. नाना मला एकदाच बोलले होते. नव्या नारळाला हात जोडतो, म्हणाले, पण डोळे मिटले की समोर जुनीच येते. आबांचं वय झालंय. ते आहेत तोवर एकदा जुन्या कानबाईपुढे डोकं टेकवायचंय. पण पहिला पाय कोणी टाकायचा?

मी म्हटलं, "तुम्ही टाका ना, धाकटे आहात."

नाना करवतीकडे वळले. चाचा पेन्सिलीला टोक करत होते, आणि बराच वेळ करत राहिले. मला फार वाईट वाटलं. माणसाला आपल्याच घरच्या देवाला भेटायला जागा नसावी, याचं वाईट वाटणारच.

*

मग वादळात तो बांधावरचा कडुनिंब पडला. पडतानाही शहाण्यासारखा पडला. बरोबर बांधावर, ना याच्या शेतात ना त्याच्या. गावकऱ्यांनी खोड उभं चिरून अर्धं अर्धं केलं. एक फाळकं नानांच्या गोठ्यात गेलं, एक आबांच्या. वर्षभर ते तिथे वाळत पडलं. दोघांनीही ते जाळलं नाही की विकलं नाही.

गेल्या वर्षी श्रावण जवळ आला तसे नाना आपलं फाळकं घेऊन आले. "मिस्त्री, कानबाईले चौरंग कर. गढीसारखा. तीन पायऱ्यांचा."

चाचांनी खडूने फाळक्यावर लिहिलं: नाना ३.

नानांची सुट्टी बुधवारी. त्या बुधवारी शेडसमोर ट्रॅक्टर थांबला. पांढरं धोतर, काठी, कपाळावर अष्टगंध. आबा! ट्रॅक्टरवर दुसरं फाळकं. आबा खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "भटूना चौरंगले कितल्या पायऱ्या शेतस?"

"तीन," चाचा म्हणाले.

"माले चार कर. आणि त्याले सांगू नको."

चाचांनी सांगितलं नाही. फाळक्यावर खडूने लिहिलं: आबा ४. आणि दोन्ही फाळकी शेजारी शेजारी भिंतीला टेकवून ठेवली.

गुरुवारी नाना आले, भिंतीसमोर उभे राहिले, दोन्ही फाळकी वाचली. खडू घेतला आणि तीनचे पाच केले. पुढच्या बुधवारी आबा आले, त्यांनी चारचे सहा केले. मग सात. मग आठ. मी म्हटलं, "चाचा, असंच चाललं तर कानबाईचं डोकं पत्र्याला लागेल. तुम्ही दोघांना काही सांगत का नाही?"

"लिखने दो, ताई. लिखने से लकडी नहीं कटती."

"पण तुम्ही कापायला कधी घेणार? कानबाई तोंडावर आली."

"हो जाएगा."

चाचांचं "हो जाएगा" मला माहीत आहे. त्यात काम झालेलंही असतं आणि नसतंही. पुढचे दिवस ते शेडच्या मागच्या कोपऱ्यात पाठ करून काम करायचे. जेवायला उठले की वर गोणपाट टाकायचे. नानांनी दोनदा वाकून बघायचा प्रयत्न केला. चाचांनी त्यांना दोन्ही वेळा डिंक आणायला पाठवलं. फाळकी भिंतीजवळून कधीच नाहीशी झाली होती. चौरंग झाले नसते तर दोन्ही घरांत पंचाईत, आणि झाले असते तर आठ आणि सात पायऱ्यांच्या दोन गढ्या. माझी तर कल्पनाच चालेना.

*

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, चाचांनी आबांना बोलावून घेतलं. बुधवारी नाही, शनिवारी. नाना करवतीवर होते. आबा दारात आले, नानांनी मान वर केली, आणि करवत बंद झाली. दोघंही एकमेकांकडे न बघता चाचांकडे बघत होते.

चाचांनी गोणपाट काढलं.

खाली एकच चौरंग होता. गढीसारखा, पण तीनच पायऱ्यांचा. वरच्या फळीवर कडुनिंबाची वलयं अशी जुळवली होती की झाड कधी चिरलंच नव्हतं असं वाटावं. मधोमध केसाएवढी रेघ, तेवढंच.

"किती सुंदर," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

आबा म्हणाले, "दुसरा कोठे शे?"

"यहीच है दोनों," चाचा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी चौरंग धरला आणि ओढला. खाचेतून खाच सुटली, मधली रेघ उघडली आणि चौरंगाचे दोन तुकडे झाले. एक आबांच्या हातात दिला, एक नानांच्या. "ये आबा का लकडा, ये नाना का लकडा. कोणाचं कोणात मिसळलं नाही."

आबांनी आपला अर्धा खाली ठेवला. तो पडला. त्यांनी उचलून परत ठेवला, परत पडला. नानांनी आपला ठेवला, तोही पडला. आबा वाकून खाली बघायला लागले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "याले दोनच पाय शेतस."

चाचांनी पेन्सिल कानावर ठेवली. "झाड एकच था, आबा. उस में से चारही पैर निकले."

मी बोलणार होते, पण चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. आबा आपला अर्धा धरून तसेच उभे होते. मग नाना पुढे आले. त्यांनी आपला अर्धा उचलला, आबांच्या अर्ध्याला लावला आणि तळहाताने ठोकला. खाचेत खाच बसली. दोघांनी मिळून चौरंग जमिनीवर ठेवला. उभा राहिला.

आबांनी त्यावर हात दाबून बघितला. भावाकडे न बघताच विचारलं, "हालस का?"

नाना म्हणाले, "नही."

इतक्या वर्षांनी दोघं एवढंच बोलले. टेम्पोत चौरंग चढवला, आणि दोघं मागे त्याच्या दोन बाजूंना धरून बसले. टेम्पो गावाकडे गेला. तो कोणाच्या दारात थांबला ते मी विचारलं नाही. चाचांनी गोणपाटाची घडी केली आणि शेड झाडायला घेतली. एरवी ते झाडूला हात लावत नाहीत.

*

मंगळवारी सकाळी नाना कामावर आले. हातात स्टीलचा डबा. सदरा नवा, डोळे जागरणाने लाल. चाचा टेबलाच्या पट्ट्यांना डिंक लावत होते. नानांनी डबा त्यांच्यासमोर फळीवर ठेवला आणि झाकण काढलं.

आत रोट होते. वर गंगाफळाची भाजी.

चाचांचा हात डिंकासकट वरच राहिला. ते डब्याकडे बघत राहिले, मग नानांकडे. "नाना," ते म्हणाले, "ये तो..."

"आबानी धाडेल शेतस," नाना म्हणाले. "हात धुई ले."

चाचा उठले, बाहेरच्या नळावर गेले आणि खूप वेळ हात धूत राहिले. परत आले, एक रोट मोडला, भाजी घेतली आणि खाली मान घालून खायला लागले. दाढीत चुरा पडत होता. नाना समोर उभे राहून बघत होते, लहान मुलाला जेवू घालावं तसे.

इतकी वर्षं मी मागत आले होते. आता नाही तर कधी, म्हणून मीही हात पुढे केला.

नानांनी डब्यावर झाकण लावलं.

"तुले नही, ताई," ते म्हणाले. "रोट भाऊबंदसलेच देता येतस."